अम्मी, अब्रा आणि वायफाय

मागच्या महिन्यात गिझरबद्दल लिहिलं तेव्हा एका भगिनीने पत्र पाठवून विचारलं, की तुम्ही शाळेत उर्दू-मराठी शिकवता, मग ही यंत्रं कुठे शिकलात? खरं सांगायचं तर कुठेच शिकले नाही. घरात काही बिघडलं की पहिली हाक मला येते, एवढंच. या महिन्यात आलेली हाक मात्र अशा वस्तूची होती की तिला मराठीत काय म्हणायचं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

माझा धाकटा भाऊ शारजाहला असतो. या वेळी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, तो एक पांढरा खोका घेऊन. आत पोहण्याच्या चष्म्यासारखा जाडजूड चष्मा आणि दोन हातात धरायचे दांडे. डोक्याला पट्टा लावून डोळ्यांवर चढवला की चारही बाजूंना दुसरीच जागा दिसते. मान वळवली की त्या जागेतलं मागचंही दिसतं. मुलं त्याला व्हीआर म्हणतात, आपण हेडसेट म्हणू. कंपनीचं नाव सांगत नाही. बाजारात मेटाचे क्वेस्ट आहेत, पिको आहेत, आणखीही आहेत. आज जे लिहिणार आहे ते बहुतेक सगळ्यांनाच लागू आहे.

भावाने तो खेळण्यासाठी आणला नव्हता. आमचे अब्बा २२ वर्षं दुबईत होते, देराला, नाइफच्या बाजूला. दोन वर्षांतून एकदा यायचे. अम्मीने ते शहर कधी पाहिलं नाही. तिचा पासपोर्ट एकदा काढला होता, तो कोरा राहूनच संपला. आता अब्बा नाहीत आणि अम्मीचे गुडघे तिला फाटकापर्यंतही नेत नाहीत. भावाने काय केलं, तर सोबत काम करणाऱ्या एकाचा गोल चित्रण करणारा कॅमेरा मागून घेतला, खाडीवरच्या होडीतून, ज्याला तिकडे अब्रा म्हणतात, त्यातून पलीकडे गेला आणि तिथून अब्बांच्या जुन्या खोलीच्या गल्लीपर्यंत चालत गेला. सात मिनिटांचं चित्रण. कॅमेरा आणि त्याचं कार्ड परत दिलं. फाइल ठेवली इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात. घरी जाऊन हेडसेटमध्ये उतरवून घेऊ, असा त्याचा हिशेब.

सुट्टी लग्नं आणि भेटीगाठींत गेली. खोका उघडला तो शनिवारी. त्याला निघायचं होतं बुधवारी रात्री.

शनिवारी मगरिबनंतर मला फोन. "आपा, जरा ये. हा डब्बा निघाला." मी गेले तेव्हा घरात वातावरण तापलेलं होतं. भाभीचं म्हणणं, एवढ्या पैशात न्हाणीघराच्या फरशा झाल्या असत्या. भाऊ गप्प. भाचा दांडे घेऊन हवेत हात मारत होता. अम्मी खाटेवर बसून तस्बीह फिरवत होती, आणि तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं, तरी तिला सगळं माहीत होतं.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. या हेडसेटला संगणक लागत नाही, वायर लागत नाही. म्हणजे चष्म्याच्या आत एक मोबाईलच बसवलेला आहे, तसाच प्रोसेसर, तशीच मेमरी, तशीच बॅटरी. फरक एवढाच की यात सिमकार्ड घालायची जागा नाही. मोबाईलचं वायफाय गेलं तर तो गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि आपल्याला कळतही नाही. हेडसेटला तो चोरदरवाजा नाही. वायफाय बरं असेल तर हा बरा, नाहीतर हा मुका. म्हणूनच "घरात सगळ्यांचं चालतंय, याचंच चालत नाही" असं वाटतं, आणि खापर वस्तूवर फुटतं.

पहिली अडचण विचित्र होती. वायफायचे पट्टे पूर्ण, पासवर्ड बरोबर, तरी आत काहीच उघडेना. "जोडता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा" एवढंच. पासवर्ड हवेत दांड्याने टिपून टाकायचा असतो, त्यात लहान-मोठं अक्षर चुकतंच, म्हणून तो मी स्वतः दोनदा टाकून पाहिला. फरक नाही. मग भाच्याचं लक्ष गेलं, आतल्या घड्याळात तारीख भलतीच होती, कित्येक महिने मागची. खोका महिनोन् महिने बंद होता, बॅटरी पार उतरली होती आणि घड्याळ चुकलं होतं.

तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध, असं मलाही वाटलं. पण शाळेतल्या उदाहरणाने समजलं. परीक्षेचं हॉलतिकीट असतं, त्यावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहिलेलं असतं. सुरक्षित संकेतस्थळं अशीच एक ओळखचिठ्ठी दाखवतात आणि आपलं यंत्र तिची मुदत तपासतं. यंत्राच्या घड्याळात मागचं साल असेल तर आजची चिठ्ठी त्याला "अजून सुरूच न झालेली" वाटते आणि ते दार लावून घेतं. काही हेडसेटमध्ये सेटिंगमध्ये जाऊन तारीख बदलता येते, काही पूर्ण बंद करून चालू केल्यावर इंटरनेटवरून स्वतःच घड्याळ लावून घेतात. आमच्याकडे पूर्ण बंद करून, भावाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडल्यावर तारीख जागेवर आली. पूर्ण बंद म्हणजे बटण दाबून धरून, पडद्यावर विचारल्यावर खरोखर बंद. नुसतं डोक्यावरून काढून ठेवणं म्हणजे झोप, बंद नव्हे. हा फरक पुढे आणखी एकदा उपयोगी पडणार आहे.

हॉटस्पॉट हा फार चांगला तपासनीस आहे, हे लक्षात ठेवा. घरच्या वायफायवर रडणारं यंत्र हॉटस्पॉटवर हसत चाललं, तर यंत्र निर्दोष, दोष घरात. हॉटस्पॉटवरही रडलं तर यंत्राकडे बघायचं. पण तिथेच डाऊनलोड लावून बसू नका. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हेडसेटचं एक अपडेटही पुरं होईलच असं नाही.

दारं उघडली आणि खरी रडकथा सुरू झाली. आधी हेडसेटचं स्वतःचं अपडेट, मग अम्मीची फाइल, ती ५ जीबीची. पट्टी ७ टक्क्यांवर आली आणि तिथेच बसली. भावाने केबलवाल्या मुलाला फोन लावला. "चाळीसचा प्लॅन घेतलाय आणि इथे पाचसुद्धा दिसत नाही, लुटता काय?"

यावर मुलगा म्हणाला, "भाई, पाच दिसले म्हणजे पूर्ण आहे." भाऊ आणखीच चिडला. पण मुलगा खरं बोलत होता. प्लॅनमधले ४० हे मेगाबिट असतात आणि फाइलचा आकार मोजतात मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट. १०० चा प्लॅन म्हणजे साडेबारा. हे पायलीतलं आणि किलोतलं माप आहे, दोन्ही खरी, पण एकमेकांशी भांडवायची नाहीत. फोन ठेवून मी भाच्याला गणित घातलं. ५ जीबीची फाइल, ४० चा वेग, किती वेळ? त्याने केलं, साधारण १७ मिनिटं. मग त्या क्षणी हेडसेटमध्ये दिसत होता त्या ३ च्या वेगाने? पावणेचार तासांच्या आसपास. म्हणजे पाचची तक्रार चूक होती, पण तीनची बरोबर होती. कारण हे तीन मेगाबाइट नव्हते, मेगाबिट होते.

भावाने मध्येच विचारलं की डाऊनलोड कशाला, तिथूनच थेट बघता येणार नाही का. या फाइलपुरतं, नाही. सात मिनिटांत ५ जीबी म्हणजे सेकंदाला जवळपास १०० मेगाबिट. चाळीसच्या नळातून शंभरची धार निघत नाही. गोल चित्रणाचं हे दुखणंच आहे. आपण एका वेळी पुढचा तुकडा पाहतो, पण फाइलमध्ये मागचं, वरचं, खालचं सगळंच भरलेलं असतं. यूट्यूबवरची अशी चित्रणं दाबून लहान केलेली असतात म्हणून चालतात, तरी तिथेही ४ के दर्जासाठी यूट्यूब स्वतः २० मेगाबिटचा वेग असावा असं सांगतं. आम्हाला मूळ फाइल हवी होती, तिचा दर्जा कमी करून अम्मीला धुरकट गल्ली दाखवायची नव्हती.

रविवारी सकाळी मी एक वही घेऊन बसले. अशा वेळी सगळेच अंदाज सांगतात, आणि सगळेच ठामपणे. राउटर जुना आहे, कंपनी चोर आहे, पावसाने वायर सडली. अंदाज बाजूला ठेवून तीन ठिकाणी मोजायचं असतं. मोबाईलवर वेग मोजणारं कुठलंही साधं पान उघडा. फास्ट डॉट कॉम आहे, स्पीडटेस्ट आहे. पहिलं माप राउटरच्या अगदी जवळ. दुसरं माप त्याच मोबाईलने, जिथे वस्तू वापरायची त्या खोलीत. तिसरं माप त्या खोलीत, पण हेडसेटच्या आतला ब्राउझर उघडून. आमची मापं आली ३७, ११ आणि ३.

ही तीन मापं सगळं सांगून जातात. पहिलंच कमी आलं असतं तर बाहेरून येणाऱ्या लाइनचा दोष, केबलवाल्याकडे जायचं. पहिलं चांगलं आणि दुसरं पडलं, म्हणजे घराच्या भिंती. दुसरं आणि तिसरं यांत फरक, म्हणजे हेडसेट कुठल्या तरी चुकीच्या रस्त्यावर आहे. केबलवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. भावाने मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याला चहाला बोलावलं.

भिंतींचं बघा. आमचं माहेरचं घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, त्याला लागून अम्मीच्या जहेजचं लोखंडी कपाट. अम्मीची खोली दोन भिंती आणि एक कपाट पलीकडे. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओलहर. जाड चिरा तिला थकवतो, लोखंड तिला उलट फिरवतं. पाण्याची टाकी, मोठा आरसा, फ्रिज, हे सगळे तिचे दुश्मन. राउटर उघड्यावर, छातीच्या वर, घराच्या मधोमध ठेवायचा असतो. आणि आपण तो कुठे ठेवतो? जिथे केबलवाल्याच्या वायरचं टोक संपतं तिथे, वर शोभेचं कापड घालून. मी तो टीव्हीमागून काढून दाराच्या चौकटीवरच्या फळीवर ठेवला. पैसा खर्च झाला नाही, दुसरं माप ११ वरून १८ झालं.

आता रस्त्यांचं. बहुतेक नव्या राउटरना दोन रस्ते असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ चा. मोबाईलमध्ये नावं दिसतात तेव्हा एकाच्या शेवटी ५जी असं लिहिलेलं असतं. त्याचा मोबाईल कंपनीच्या ५जीशी काही संबंध नाही. आमच्या शेजारच्या खाला "आपल्याकडे ५जी टॉवर नाही" म्हणून कित्येक दिवस त्या नावाला हातच लावत नव्हत्या. २.४ चा रस्ता लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण अरुंद आणि गर्दीचा. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या गल्ल्या जेमतेम तीन, १, ६ आणि ११ नंबरच्या. त्यातच शेजाऱ्यांचे राउटर, त्यातच ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच लहरींवर अन्न गरम करते. ५ चा रस्ता रुंद आणि मोकळा, पण दमाने कमी. दोन भिंतींत हाशहुश करतो. आपल्या देशात २०१८ मध्ये या ५ च्या पट्ट्यातला बराच भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, त्यामुळे आता राउटर घेताना त्यात ५ आहे ना, हे विचारायलाच हवं.

आमचं घर बाजारपेठेला लागून. मोबाईलवर वायफायच्या गल्ल्या दाखवणारं एक मोफत ॲप टाकलं तर ११ राउटर दिसले, त्यातले सात एकट्या ६ नंबरच्या गल्लीत, आमचाही त्यातच. आणि हेडसेट? तो याच गर्दीत उभा होता. भावाने यादीतलं पहिलं नाव निवडलं होतं, बस्स. ते नाव विसरायला सांगितलं, ५ चं नाव निवडलं. काही राउटर दोन्ही रस्त्यांना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे पाठवायचं ते स्वतः ठरवतात. तसं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नावं वेगळी करता येतात. जमत नसेल तर केबलवाल्याला सांगा, दोन मिनिटांचं काम असतं.

५ चं नाव हेडसेटमध्ये दिसतच नसेल तर दोन गोष्टी बघाव्यात. राउटर कधी कधी ५ मधल्या मधल्या गल्ल्या घेतो, साधारण ५२ ते १४४ नंबरच्या. त्यांवर रडारचा हक्क पहिला असतो, रडारची चाहूल लागली की राउटरला गल्ली सोडावी लागते, आणि जोडणी तुटते. म्हणून ३६ ते ४८ मधली एक पक्की करून टाकावी. दुसरं, सुरक्षेचा प्रकार. अगदी नवा डब्ल्यूपीए३ च ठेवला असेल तर काही यंत्रं अडतात, तेव्हा २ आणि ३ मिश्र ठेवावा. पासवर्डच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

अम्मीच्या खोलीत ५ चा पट्टा एकच येत होता. तेव्हा भाऊ पुन्हा निराश झाला. पण फाइल एकदा उतरली की ती हेडसेटच्या पोटात असते, पाहताना वायफाय लागत नाही. जेवण जिथे शिजतं तिथेच वाढावं लागतं असं थोडंच आहे! हेडसेट हॉलमध्ये आणला, राउटरसमोर माप घेतलं, ३३ आलं. रविवारी रात्री डाऊनलोड लावलं, हेडसेट टेबलावर ठेवला आणि मी माझ्या घरी गेले. हिशेबाने अपडेट आणि फाइल मिळून अर्ध्या तासाचं काम होतं.

सोमवारी सकाळी शाळेत निघताना फोन. "आपा, ३१ टक्के."

इथे मीही हबकले. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर दोन चोर निघाले. एक हेडसेटचाच. दोन भिंगांच्या मध्ये एक छोटासा सेन्सर असतो, तो कपाळ जवळ आहे का बघतो. डोक्यावरून काढलं की थोड्या वेळात यंत्र झोपतं, आणि झोपेत डाऊनलोड मंदावतं किंवा थांबतं. आम्ही ते टेबलावर ठेवून, चार्जरही न लावता, रात्रभर गाढ झोपवलं होतं. सेटिंगमध्ये पॉवरच्या भागात झोपेची वेळ वाढवता येते, ती जास्तीत जास्त केली आणि चार्जर लावला. मोठ्या फाइलच्या वेळी हे दोन्ही करायचंच.

दुसरा चोर कळायला वेळ लागला. माप पुन्हा घेतलं तर राउटरजवळच, मोबाईलवर, ६. सकाळी ३७ देणारी लाइन रात्री ६ कशी? महिन्याचा कोटा संपला की वेग पाडणारे प्लॅन असतात, म्हणून केबलवाल्याला विचारलं, तर कोटा शिल्लक. मग राउटरचं पान उघडून कोण कोण जोडलंय ते पाहिलं. भावाचाच मोबाईल सगळ्यात वर. तीन आठवड्यांत चुलतभावाच्या निकाहपासून समुद्रावरच्या सहलीपर्यंत जेवढे फोटो आणि व्हिडिओ त्याने काढले, ते सगळे मोबाईल चार्जिंगला लागला आणि वायफाय मिळालं की वर चढत होते. रोज रात्री. अम्मीची फाइल खाली येत होती त्याच वेळी.

वर जाणारं आणि खाली येणारं वेगळं नाही का, असं भाऊ म्हणाला. वेगळं आहे, पण खाली येणाऱ्या प्रत्येक हप्त्याची पोच वर पाठवावी लागते. पोच पोचली नाही तर पुढचा माल निघत नाही. परशुराम घाटात दरड आली की एकेरी वाहतूक करतात ना, तसं. चिपळूणकडून चढणाऱ्या ट्रकांची रांग हटली नाही तर वरून उतरणारी मोकळी गाडीही उभीच. बॅकअप थांबवला, पाच मिनिटांत माप ३५ वर.

या सगळ्यात सोमवारी दुपारी एक प्रसंग असा झाला की तो आठवला तरी माझ्या पोटात गोळा येतो. राउटरच्या जवळ ठेवावं म्हणून भाच्याने हेडसेट खिडकीत ठेवला होता, भिंगं बाहेर करून. ऊन नुकतंच चौकटीवर आलं होतं. मी शाळेतून तशीच तिकडे गेले म्हणून दिसलं. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तुम्हीही. हेडसेटमध्ये भिंगामागे पडदा असतो, उन्हाने त्यावर कायमचा डाग पडतो, काही मिनिटांत. वायफाय दुरुस्त करता करता आम्ही वस्तूच गमावली असती. भाच्याला मी ओरडले, नको तेवढं ओरडले, आणि मग अम्मीने मला ओरडलं. हेडसेट घरात असेल तर तो कापडी पिशवीत किंवा भिंगं भिंतीकडे करून ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दुकानदारांबद्दल थोडं. भावाने रविवारी बाजारात विचारलं तर त्याला बूस्टर घ्यायला सांगितलं. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा बूस्टर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे सांगतो, त्यामुळे पट्टे पूर्ण दिसतात आणि वेग जवळपास अर्धा होतो. लांबच्या खोलीत कायमचं वायफाय हवंच असेल तर राउटरपासून तिथवर एक लॅन केबल ओढून टोकाला दुसरा राउटर लावावा. चिऱ्याच्या घरात तरी मला याहून भरवशाचं काही दिसलेलं नाही. आणि कोणी सगळं पुसून फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं तर तो उपाय शेवटचा. त्याने आतलं सगळं जातं, उतरवलेलंही. आधी जागा किती शिल्लक आहे ते बघा. फाइल ५ जीबीची असेल तर दहा तरी मोकळे ठेवा, नाहीतर शेवटच्या टक्क्याला येऊन अडतं. घरात लॅपटॉप असेल तर फाइल त्यावर उतरवून यूएसबी केबलने हेडसेटमध्ये टाकता येते, हाही एक मार्ग. आमच्याकडे लॅपटॉप होता तो शाळेचा, मी तो घरच्या कामाला वापरत नाही.

सोमवारी रात्री भावाचा मोबाईल विमान मोडवर, मुलांची कार्टून बंद, हेडसेट चार्जरवर, राउटरसमोरच्या खुर्चीत. आम्ही जेवून उठेपर्यंत अपडेट झालं. भाभीने भांडी आवरेपर्यंत फाइल उतरली. त्या दोघांत त्या रात्री फरशांचा विषय निघाला नाही, एवढं मी पाहिलं.

मंगळवारी इशानंतर अम्मीला तिच्याच खोलीत, हात असलेल्या खुर्चीत बसवलं. वयस्कर माणसांना उभं राहून हे कधी देऊ नका, तोल जातो. दहा मिनिटांच्या वर पहिल्या दिवशी देऊ नका, मळमळतं. तिचा चष्मा आत बसावा म्हणून खोक्यातली जास्तीची चौकट लावली. भावाने पट्टा सैल केला, दुपट्टा नीट केला.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. "याला कठडा नाही," ती म्हणाली. "त्यांनी लिहिलं होतं, होडीला कठडा नाही म्हणून." भाऊ म्हणाला, "अजूनही नाही, अम्मी." तिने मान डावीकडे वळवली, मग मागे, मग वर. पलीकडे जायला किती घेतात, विचारलं. एक दिरहम, भावाने सांगितलं. गल्ली आली तेव्हा तिने हात पुढे केला, भिंतीला लावल्यासारखा, आणि तो हवेतच राहिला. "खोली कुठली?" भावाने त्याचा मोबाईल पुढे करून दाखवायचा प्रयत्न केला, आणि मग लक्षात आलं की तिला बाहेरचं दिसत नाहीये. "उजवीकडे, अम्मी. हिरवं दार. वरची खिडकी." तिने वर पाहिलं आणि पाहतच राहिली. चित्रण संपून पडदा काळा झाला तरी तिने मान खाली केली नव्हती.

चष्मा काढल्यावर ती म्हणाली, खिडकी फार लहान आहे. बारा जण राहायचे त्यात.

बुधवारी रात्री भाऊ गेला. हेडसेट इथेच ठेवून गेला. गुरुवारी मी शाळेतून येताना डोकावले तर राउटर पुन्हा टीव्हीच्या मागे, कापड घातलेला. भाभी म्हणाली, फळीवर बरा दिसत नाही. मी तो उचलून फळीवर ठेवला. आतून अम्मीची हाक आली, "ते होडीचं लावून दे गं जरा. आणि त्याला सांग, पुढच्या वेळी जिना चढून वर जा म्हणावं."

जिना म्हणजे आणखी दोन जीबी तरी होतील. भावाला निरोप पाठवलाय.